पाळलेल्या सापानं अचानक अंडी घातली? या चुका टाळा

मादी एकटीच आहे म्हणून अंडी निकामीच असणार, असं धरून ती फेकू नका. मादी नराचे शुक्राणू अनेक महिने शरीरात साठवून ठेवते. आधीच्या मालकाकडे नर होता का, ते विचारा. अंधारात अंड्याला छोटा एलईडी टॉर्च लावून पाहा. आत लालसर शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. पिवळट, मेणचट, आकारानं लहान अंडी बहुतेक वेळा निकामी निघतात. शंका असेल तर ठेवून द्या, खरं काय ते दोन आठवड्यांत कळतंच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अंडं फिरवणं. पहिल्या एक-दोन दिवसांतच गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. नंतर अंडं उलटलं तर तो बलकाखाली दबून मरू शकतो. म्हणून हलवण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करा आणि तीच बाजू वर ठेवा. कोंबडीच्या अंड्यांचा इनक्युबेटर वापरायचा असेल, तर अंडी फिरवणारी यंत्रणा आधी बंद करा. एकमेकांना घट्ट चिकटलेली अंडी ओढून सोडवू नका, कवच फाटतं. तो गठ्ठा तसाच उबवता येतो.

दुसरी गडबड पाण्याची. अंडी डब्यात ज्यावर ठेवायची ते व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं दाणेदार खनिज) आणि पाणी समान वजनानं घ्या, म्हणजे २०० ग्रॅमला २०० मिलिलिटर. मूठभर पिळल्यावर एखाद-दुसरा थेंबच पडायला हवा, धार लागली तर जास्त झालं. अंडी त्यात अर्धी रुतवा आणि डब्याच्या झाकणाला दोन-तीन बारीक भोकं पाडा. भरलेल्या डब्याचं वजन लिहून ठेवा, म्हणजे नंतर किती पाणी उडालं ते नेमकं कळतं. सुरुवातीच्या आठवड्यांत अंड्याला खड्डे पडले तर ओल कमी आहे. कोमट पाणी डब्याच्या कडेनं सोडा, अंड्यावर नाही. शेवटच्या पंधरवड्यात पडलेले खड्डे मात्र साहजिक असतात. तेव्हा घाबरून पाणी ओतणारे बरेच जण आतली पिल्लं गुदमरवतात.

तापमान जातीनुसार ठेवा. कॉर्न स्नेकला २७ ते २९ अंश सेल्सियस, बॉल पायथनला ३१ ते ३२. दोन्हींना साधारण दोन महिने लागतात. थर्मामीटरचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) डब्यात, अंड्यांच्या उंचीवर हवा. इनक्युबेटरच्या भिंतीवरचा आकडा फसवतो. थोडं थंड झालं तर उशीर होतो, पण जास्त तापलं तर पिल्लं वाकड्या कण्याची निघतात किंवा मरतात.

बुरशी दिसताच अंडं टाकू नका, कोरड्या कापसानं टिपून घ्या. वास मारणारं, पार बसलेलं अंडं तेवढं काढा.

या धावपळीत मादीला विसरू नका. तिला पाणी आणि नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्या. अंडी घालून दोन दिवसांनीही पोटात गाठ जाणवत असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा. दाबून अंडं बाहेर काढायचा प्रयत्न तिच्या जिवावर बेततो.

पिल्लू कवचाला चीर पाडून तोंड बाहेर काढतं आणि एक-दोन दिवस तसंच बसून राहतं. त्या वेळात ते उरलेला बलक शोषून घेत असतं, ओढून काढलं तर रक्तस्राव होतो. बाहेर आलेली पिल्लं ओलसर टिश्यूवर वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. पहिली कात सहसा ७ ते १० दिवसांत पडते. त्याआधी उंदराचं पिल्लू समोर धरून उपयोग नसतो.