जुनी अ‍ॅम्बेसेडर की नवी मोटार: तुलना कशी करावी

गोठ्याशेजारी उभी असलेली अ‍ॅम्बेसेडर दुरुस्त करून वापरावी की नवी छोटी मोटार घ्यावी, असा प्रश्न असेल, तर त्याचा निकाल शोरूमसमोरच्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावर लावू नये. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, तितकीच माणसे बसवून, आपल्या रोजच्या रस्त्यावरून चालवून पाहाव्यात.

त्यासाठी मे महिन्यातील दुपार निवडावी. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेल्या जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला असतो. चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५ अंशांवर गेला की नळीतील पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही आणि रेल्वे फाटकापाशी थांबलेली गाडी पुन्हा सुरू होण्याचे नाव घेत नाही. अशा वेळी जाणते चालक बॉनेट उघडतात, पंपावर ओले फडके गुंडाळतात आणि इंजिन निवेपर्यंत थांबतात. नव्या गाडीत पंप टाकीतच बुडालेला असून पेट्रोल दाबाने पुढे ढकलले जाते, त्यामुळे हा त्रास सहसा होत नाही.

मग ब्रेक पाहावेत. रस्ता मागेपुढे मोकळा असल्याची खात्री करून ताशी ४० किलोमीटर वेगावरून दोन्ही गाड्या थांबवाव्यात आणि थांबण्याचे अंतर पावलांनी मोजावे. जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि नाल्याच्या पाण्यातून गेल्यावर ते काही वेळ नीट पकडत नाहीत. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे. घरातील लेकरे रोज त्याच गाडीतून जाणार असतील, तर माझ्या मते बाकी सर्व गुण बाजूला ठेवून हीच कसोटी निर्णायक मानावी.

पांदण रस्त्यावर मात्र मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमुळे आणि ऐसपैस आसनामुळे म्हाताऱ्या माणसांना जुनी गाडीच सुखाची वाटते. पावसाळ्यात काळ्या मातीत दोन्ही सारख्याच फसतात.

दुरुस्तीचा हिशेब वेगळा मांडावा. जुन्या गाडीचे पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे तुकडे) काळे पडले तर गावातला मिस्त्री पॉलिश पेपरने घासून गाडी चालू करून देतो. नव्या गाडीचा सेन्सर बिघडला तर दोष शोधणारे यंत्र असलेले वर्कशॉप गाठावे लागते, तेव्हा ते आपल्यापासून किती दूर आहे हे आधीच पाहून ठेवावे. उलट अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबल्याने तिचे सुटे भाग शोधत फिरावे लागते. शिवाय आताच्या पेट्रोलमधील इथेनॉलने जुने रबरी पाइप खराब होऊ शकतात, म्हणून ते बदलण्याचा खर्चही धरावा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर आरटीओची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्या तपासणीची तयारी म्हणून पायाखालची मॅटिंग उचलावी आणि पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते आत शिरले, तर पत्रा गंजून कुजला आहे असे समजावे आणि इंजिनावर एक रुपयाही लावण्यापूर्वी पत्राकाम करणाऱ्याकडून खर्चाचा अंदाज घ्यावा.