पेचप्रसंगातला पहिला तास: कोकणातल्या पोलीस ठाण्यात बोलायचं कसं

कोणी बायकामुलांसकट घराला आतून कडी घालून कोयती परजत बसतो, कोणी खाडीपुलाच्या कठड्यावर चढतो. वाटाघाटींचं प्रशिक्षण घेतलेला अधिकारी असतो जिल्ह्याच्या ठिकाणी. मंडणगड किंवा देवगडच्या आतल्या वाडीत तो पोचेपर्यंत काही तास जातात, पावसात दरड आली तर त्याहून जास्त. तोवर ११२ या आपत्कालीन क्रमांकाच्या कॉलवर जो अंमलदार आधी पोचला तोच बोलणार. हे त्याच्यासाठी आहे.

या पहिल्या तासात भांडण मिटवायचं नाही, गुन्ह्याचा निकाल लावायचा नाही. समोरच्याचा पारा उतरेल एवढा वेळ काढायचा. वेळ बहुतेकदा पोलिसांच्या बाजूने असतो: दारू उतरते, भूक लागते, अंग थकतं, राग ओसरतो. १९७२ साली म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ओलिसांच्या सुटकेचा सशस्त्र प्रयत्न फसला आणि सगळे ओलीस मारले गेले. त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांतले हार्वे श्लॉसबर्ग आणि फ्रँक बोल्झ यांनी बोलून वेळ काढण्याची पद्धत उभी केली. पुढे अमेरिकेच्या एफबीआयने तिच्या पाच पायऱ्या मांडल्या: ऐकणं, सहानुभूती, विश्वास, प्रभाव, आणि मग वागण्यातला बदल. आपल्याकडे चूक होते ती बहुधा एकच. दुसऱ्या मिनिटाला "आधी खाली उतर!" म्हणून थेट पाचवी पायरी मागितली जाते.

माणसं कशी वाटायची

बोलणारा एकच. त्याच्या शेजारी दुसरा, जो फक्त ऐकतो आणि चिठ्ठ्या सरकवतो ("मुलीचं नाव घेतल्यावर आवाज बदलला, तिथेच राहा"). तिसरा वेळेसह नोंद ठेवतो. प्रभारी अधिकाऱ्याने स्वतः बोलू नये, तो कितीही गोड बोलत असला तरी. निर्णय घेणाराच बोलायला बसला की प्रत्येक मागणीवर जागीच हो किंवा नाही म्हणावं लागतं. बोलणारा दुय्यम असेल तर "मला साहेबांना विचारावं लागेल" हे वाक्य खरं ठरतं आणि त्यातून वीस मिनिटं मिळतात.

गर्दी आवाजाच्या टप्प्याबाहेर न्या. नजरेआड गेली तर उत्तमच. गणपतीत चाकरमानी आलेले असताना वाडीत पन्नास मोबाईल लाइव्ह चालू असतात, आणि आतला माणूस तेच आपल्या फोनवर बघत असतो.

पहिली वाक्यं

नाव सांगा, पोलीस आहात हे लपवू नका, हुद्दा मात्र गाळा. "मी पोलीस ठाण्यातून आलोय, माझं नाव संदीप. तुम्हाला काय म्हणू?" तो सांगेल ते नाव वापरा. सुरुवात "तुम्ही"नेच. मालवणीत "तू" सहज चालतं, पण खाकीतल्या माणसाच्या तोंडी ते दरडावणं वाटतं. तो स्वतः "तू"वर आला आणि आवाजात सलगी असेल, तरच उतरा. "ए" आणि "अरे" कधीच नको.

बोली येत असेल तर बोला. "काय झाला ता माका सांगा" हे सावंतवाडीच्या माणसाला प्रमाण मराठीतल्या विचारपुशीपेक्षा लवकर पोचतं. येत नसेल तर नक्कल करू नका. विदर्भातून बदलून आलेल्या अंमलदाराची ओढूनताणून काढलेली मालवणी चेष्टा वाटते. त्याने आपली साधी मराठी बोलावी, सावकाश.

शिव्यांबद्दलही नवख्यांनी लक्षात ठेवावं. दक्षिण कोकणात शिवी ही रोजच्या बोलण्यातली फोडणी आहे, तिच्यावरून धोका वाढला असं समजू नका. खरी काळजी करायची ती आवाज अचानक खाली आल्यावर, निरवानिरव सुरू झाल्यावर ("गाय भावाला द्या"), किंवा तो स्वतःबद्दल भूतकाळात बोलू लागल्यावर. तेव्हा आडून विचारू नका. "जीव द्यायचा विचार मनात आहे का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

टाळायची वाक्यं: "शांत व्हा", "एवढं काय झालं", "पोरांचा तरी विचार करा", "मला समजतंय". आणि "का केलंत?" हा प्रश्न, कारण त्याला उत्तर म्हणून समर्थनच येतं. "काय झालं?", "मग पुढे?" यांना हकीकत येते.

ऐकताना तोंडातून काय निघतं

"हं", "बरं", "मग?" एवढे हुंकार पुरे. "बरोबर" किंवा "हो हो" हुंकार म्हणून वापरायची सवय मोडा. तो म्हणाला, "सगळ्यांना तोडून टाकतो," आणि तुमच्या तोंडून सवयीने "बरोबर" निघालं तर परवानगी दिल्यासारखं होतं.

त्याचे शेवटचे दोन-तीन शब्द परत म्हणा. "सातबाऱ्यावरून माझं नाव काढलं." "नाव काढलं?" एवढ्यावर तो पुढची पाच मिनिटं बोलतो. भावनेला नाव द्या, पण निदान केल्यासारखं नको: "तुम्ही नैराश्यात आहात" यापेक्षा "भावाने विचारलंसुद्धा नाही, हे मनाला लागलेलं दिसतंय." चुकलं तर तो दुरुस्त करेल, तेही बोलणंच. मग गप्प बसा. आठ-दहा सेकंदांची शांतता पोलिसांना झेपत नाही, ते उपदेश सुरू करतात.

दर थोड्या वेळाने त्याची हकीकत त्याच्याच शब्दांत परत सांगा आणि "असंच ना?" विचारा. तो "अगदी असंच" म्हणाला की पुढच्या पायरीवर पाय ठेवायला हरकत नाही. तिथून "आम्ही" सोडून "आपण"वर या: "आपण यातून वाट काढू."

वारा, रेंज, समुद्र

किनाऱ्यावर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहिलात तर तुमचा आवाज पोचतो, त्याचा तुम्हाला येत नाही. पावसाळ्यात पत्र्याखाली दोन्ही बाजू बहिऱ्या. म्हणून शक्य तितक्या लवकर फोनवर या. भोंगा वापरायचा तो "फोन उचला" सांगण्यापुरता, कारण त्यावर मायेने बोलता येत नाही. पहिल्याच कॉलमध्ये ठरवा: "फोन कटला तर मीच लावेन, तुम्ही लावू नका." दोघांनी एकदम लावला की दोन्हीकडे व्यस्त, आणि त्याला वाटतं आपल्याला टाळलं. त्याच्या फोनची बॅटरी विचारून घ्या.

नौकेवरचा प्रसंग असेल तर वायरलेसच्या १६ नंबर चॅनेलवर आजूबाजूच्या सगळ्या नौका ऐकत असतात. संपर्क झाला की दुसऱ्या चॅनेलवर न्या. तिथे एका वेळी एकच बोलू शकतो, तेव्हा वाक्यं छोटी ठेवा. खलाशी नेपाळी किंवा कानडी असेल तर दुभाषी त्याच नौकेवरचा नको, तांडेलाचा (नौकेच्या प्रमुखाचा) माणूस तर नकोच. दुभाष्याला बजावा की "तो म्हणतो की" नाही, "मी" म्हणूनच बोलायचं, सारांश न करता.

मागण्या आणि मुदती

"काय पाहिजे?" हा प्रश्न आपणहून विचारू नका, यादी तयार होते. मागणी आली तर नाही म्हणायच्या आधी तीच परत सांगा. काहीही देताना बदल्यात काही घ्या: पाणी आत, धाकटा मुलगा बाहेर. दारू, हत्यार आणि बदली ओलीस कधीच द्यायचे नाहीत. "पाच वाजेपर्यंत" अशी मुदत त्याने दिली तर तिची आठवण करू नका, पाचच्या आधीच बोलण्यात गुंतवा आणि वेळ उलटू द्या. स्वतः मुदत देऊ नका.

खोटं बोलू नका. "केस होणार नाही" हे वचन ओलीस प्रकरणात देता येत नाही. एकट्याच जीव द्यायला निघालेल्याला मात्र सांगता येतं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचं धरतं आणि त्याच्यावर उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं. ग्रामदेवतेची शपथ घालू नका, घेऊही नका.

नातेवाईकांचा आग्रह इथे प्रचंड असतो: आईला बोलू द्या, सरपंचांना पाठवा, मुंबईच्या भावाला फोन लावा. भाऊबंदकीत नेमका तोच भाऊ मूळ असतो, आणि आईसमोर शेवटचं काही करून दाखवायचं हेही कधी मनात असतं. थेट जोडू नका. निरोप रेकॉर्ड करा, आधी स्वतः ऐका, मग ठरवा.

बाहेर येताना

सगळ्यात धोक्याची वेळ ही. "शरण या" म्हणू नका, "बाहेर या" म्हणा. कोणता दरवाजा, हत्यार कुठे, हात कसे, हे एकेक सांगून त्याच्याकडून वदवून घ्या. "कोयती माजघरात ठेवा. पडवीत रिकाम्या हाताने या. खळ्यात आलात की थांबा." शेतीसंरक्षणाची बंदूक असेल तर ती रिकामी करायला सांगू नका, हाताळताना बार उडतो, नळी भिंतीकडे करून जमिनीवर ठेवायला लावा. बेड्या घालणार असाल तर आधीच सांगा, आणि कोण घालेल तेही. त्या क्षणी एकाच माणसाचा आवाज हवा. चौघांनी चार हुकूम दिले तर तो गोंधळून चुकीच्या दिशेला हात नेतो.

प्रशिक्षित अधिकारी मध्येच पोचला तर लगेच फोन हातात देऊ नका. नोंदवही वाचायला द्या: नावं, दिलेले शब्द, कशाने चिडला, कशाने निवळला. बोलणं ठीक चाललं असेल तर जुनाच बोलणारा ठेवून नव्या अधिकाऱ्याने शेजारी बसावं. बदलायचंच असेल तर आधी आतल्या माणसाला सांगा, नव्याची ओळख करून द्या, आणि नव्या माणसाने आधी दिलेले शब्द एकेक म्हणून दाखवावेत.