डायोप्टेज की पाचू? खडा न फोडता कसं ओळखायचं

गडद हिरवा चकाकणारा खडा हातात आला की तोंडातून पहिलं पाचूच निघतं, आणि त्यात लाजायचं काही नाही, कारण १८व्या शतकाच्या शेवटी कझाकस्तानात अल्तिन-त्युबेला हे खडे निघाले तेव्हा तिथेही ते पाचूच समजले गेले. मग १७९७ मध्ये अयुई या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने त्याला डायोप्टेज नाव दिलं, ग्रीकमध्ये अर्थ साधारण 'आरपार दिसणारा', कारण खड्याच्या आत बघितलं की त्याचे फुटायचे पापुद्रे दिसतात. तेच आधी शोधा. खडा उजेडात धरून हळूहळू फिरवा, तीन दिशांनी सपाट चमकणाऱ्या रेषा दिसल्या तर डायोप्टेजची शक्यता बरीच. पाचू असा सहज पापुद्र्यांनी फुटत नाही.

खात्री करायची तर माझ्या मते वजनाची टेस्ट बेस्ट, खड्याला ओरखडासुद्धा येत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या, आधी खडा कोरडा मोजा, मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा आणि खडा दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडा, पूर्ण बुडाला पाहिजे पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये (टेकला की सगळं गणित गेलं). आता जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा कोरडा ६.६ आणि पाण्यात २ आलं, तर उत्तर ३.३, म्हणजे डायोप्टेज. पाचू २.७ च्या आसपास येतो. फक्त खडा सुटा हवा, कॅल्साइटच्या दगडाला चिकटलेला असेल तर आकडा फसवतो, आणि नामिबियातल्या त्सुमेबचे फेमस नमुने बरेचदा तसेच असतात.

चाकूने ओरखडून बघायच्या भानगडीत पडू नका. डायोप्टेजचा कठीणपणा मोहस् स्केलवर (खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये सांगणारं माप) जेमतेम ५, पाचूचा साडेसात ते आठ. एखादा तुटका कण असेलच तर ग्लेज नसलेल्या टाइलवर घासा, फिकट हिरवी रेघ उमटते.

धुताना साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. अल्ट्रासॉनिक क्लीनर नको, तापवणं नको. ॲसिड तर नकोच, हे तांबं, सिलिका आणि पाण्याचं खनिज आहे, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये त्याची जेली होते. अंगठीत बसवायचा मोह मलाही झालेला, पण एका ठोक्यात दोन तुकडे होतील, त्यापेक्षा डबीत कापूस घालून ठेवलेला बरा.