निवृत्तांचा ऑनलाइन अभ्यासगट चालवताना या चुका टाळा

२०२०च्या टाळेबंदीत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहाला कुलूप लागलं आणि गुरुवारचा, मोडी या जुन्या लिपीतले कागद वाचायचा गट फोनवर आला. तो आजही फोनवरच भरतो. गुडघ्यांमुळे जिना न चढू शकणारे, दुसऱ्या गावी राहायला गेलेले, मुलाकडे अमेरिकेत सहा-सहा महिने जाणारे, सगळ्यांना त्यात बसता येतं. पुढे भजनाचा आणि आकाशदर्शनाचा असे आणखी गट निघाले. काही बंदही पडले. बंद पडलेल्या एकाही गटाला विषय कमी पडला नव्हता, माणसंही होती. घोळ झाला तो रोजच्या व्यवस्थेत.

सगळ्या किल्ल्या एकाकडे

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक. आमचं झूमचं खातं एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या ईमेलवर होतं. व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिन तेच, पुढच्या कागदांचे स्कॅनही त्यांच्याच संगणकात. माणूस इतका मनापासून करणारा की कोणी दुसऱ्याने हात लावायचा विचारच केला नाही. मग त्यांची अँजिओप्लास्टी झाली. ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार आणि फोन सुनेच्या पर्समध्ये, रुग्णालयात. अशा वेळी तिला लिंक विचारणं कोणालाच बरं वाटेना. पाच गुरुवार गट भरला नाही. सहाव्या गुरुवारी वीसपैकी नऊ जण आले. काकांना बरं वाटल्यावर हे कळलं तेव्हा त्यांना झालेलं वाईट मी विसरलेले नाही.

आता गटाच्या नावाने वेगळा ईमेल आहे. त्याचा पासवर्ड दोघांकडे, कागदावर लिहिलेला. व्हॉट्सॲपवर तीन ॲडमिन आहेत. सदस्यांची नावं आणि घरच्या एका माणसाचा नंबर एका वहीत आहे आणि त्या वहीची प्रत दुसऱ्या घरी ठेवलेली आहे. महिन्यातून एक गुरुवार वर्ग सुरू करायचं काम मुद्दाम दुसऱ्याने करायचं. झूममध्ये सदस्याच्या नावावर जाऊन 'मेक होस्ट' केलं की सूत्रं त्याच्याकडे जातात. हे निवांतपणी दोनदा करून पाहिलं असलं की अडचणीच्या दिवशी हात थरथरत नाहीत.

पुन्हा शाळा भरवणं

आमच्यात निवृत्त शिक्षक पुष्कळ, मीही त्यातलीच. शिकवायची सवय सुटत नाही. पण पडद्यासमोर तासभर दुसऱ्याचं ऐकत बसणं सत्तरीतल्या डोळ्यांना आणि पाठीला झेपत नाही, आणि ऐकून मोडी येतही नाही. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. शब्द तोडून लिहायची रीत नाही. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्यानेच ओळखायचं. त्यासाठी स्वतः अडखळावं लागतं.

'युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज' या चळवळीचं उदाहरण इथे द्यावंसं वाटतं. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ इथे ती सुरू झाली तेव्हा विद्यापीठातले प्राध्यापक ज्येष्ठांना शिकवत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती इंग्लंडमध्ये आली. केंब्रिजचे इतिहासकार पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं रूप पालटलं. वेगळा शिक्षकवर्ग नको, परीक्षा नको, पदवी नको. सदस्यांनीच एकमेकांना शिकवायचं. ऑस्ट्रेलियात याच चळवळीतून निघालेलं ऑनलाइन रूप घराबाहेर पडू न शकणाऱ्यांपर्यंत पोचलं, तेही स्वयंसेवकांच्या बळावर.

हे वाचल्यावर आम्ही पद्धत बदलली. बुधवारी संध्याकाळी प्रत्येकाला एक ओळ नेमून द्यायची, गुरुवारी ज्याने-त्याने आपली ओळ वाचायची. चुकलं तर पाच सेकंद कोणी बोलायचं नाही. हे पाच सेकंद आम्हा शिक्षकांना फार जड गेले. झूमच्या मोफत खात्यावर चाळीस मिनिटांनी बैठक संपते, त्यावर आधी सगळे हळहळायचे. आता चाळीस मिनिटं वाचन, मग चहा, आणि ज्यांना थांबायचं त्यांच्यासाठी त्याच लिंकवर पुन्हा गप्पा.

आवाजाच्या तक्रारी

'मला ऐकू येत नाही' याची कारणं वेगवेगळी असतात, आणि सगळ्यांना एकच उपाय सांगणं ही चूक आम्ही कितीदा केली असेल!

फोनवर कोणाचाच आवाज येत नसेल तर बहुतेक वेळा 'जॉइन ऑडिओ' दाबायचं राहिलेलं असतं. आपला आवाज इतरांना जात नसेल तर पहिल्यांदा झूम उघडताना माइकची परवानगी घाबरून नाकारलेली असू शकते. ती फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते. बटणंच दिसत नसतील तर पडद्यावर एकदा हलकेच बोट लावायला सांगा, ती लपलेली असतात. आणि कर्कश शिट्टी किंवा घुमल्यासारखा आवाज आला की आधी विचारा, एका घरातून दोघं बसलेत का? नवरा-बायको शेजारी-शेजारी दोन फोन घेऊन बसले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरतो. दोघांनी एकच फोन वापरावा, नाहीतर दोघांनीही इअरफोन लावावेत.

भजनाच्या गटाचं दुखणं वेगळंच होतं. सगळ्यांनी एकत्र टाळ धरला की नुसता गलका. आवाज प्रत्येकाकडे थोडा उशिरा आणि वेगवेगळ्या उशिराने पोचतो, त्यामुळे ऑनलाइन समूहगान जमत नाही. एकाने गायचं आणि बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी साथ करायची. तानपुऱ्याचा सूर मधेच विरून जातो, कारण झूम सतत चालणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजून दाबतं. गाणाऱ्याने 'ओरिजिनल साउंड' सुरू करावं. जुनं ध्वनिमुद्रण ऐकवायचं असेल तर स्क्रीन दाखवतानाच 'शेअर साउंड'वर खूण करावी, नाहीतर चित्र दिसतं आणि गाणं ऐकू येत नाही.

मदत म्हणून फोन हातातून काढून घेणं

घरोघरी नातवंडं हेच करतात, म्हणून निदान गटात तरी होऊ नये. 'द्या, मी करून देते' म्हटलं की काम होतं, पण पुढच्या गुरुवारी तोच प्रश्न आणि वर आपण ओझं झाल्याची भावना. नवीन माणसासाठी आदल्या दिवशी एकट्याशी सरावाचा फोन ठेवा. बोट त्यांचंच, आपण फक्त सांगायचं. 'उजवीकडे वरचं बटण' असंही सांगू नये, कारण प्रत्येक फोनवर जागा वेगळी. 'निळ्या चौकोनात पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत झूम लिहिलेलं दिसतंय का?' असं विचारावं. चार पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिल्या की तो कागद फोनच्या पाउचमध्ये राहतो.

शुभ सकाळचा पूर

फुलांची चित्रं कोणी वाईट हेतूने पाठवत नाही. एकट्या राहणाऱ्यासाठी ती 'मी आहे' अशी खूण असते, म्हणून गटात सगळ्यांसमोर दटावू नका. दोन गट करा. एकात फक्त ॲडमिन लिहितील: वेळ, लिंक, वाचायचा कागद. दुसरा गप्पांचा. आणि सगळ्यांच्या फोनमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करून द्या. फोनची जागा भरली की झूम अडखळायला लागतं आणि दोष बिचाऱ्या वायफायवर जातो.

वेळ कळवताना भारतीय वेळच लिहा. आपले संध्याकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळं बदलतात, त्या आठवड्यांत तिकडच्या सदस्यांना आदल्या दिवशी आठवण करा.

विश्वासाचा गैरफायदा

बैठकीची लिंक फेसबुकवर उघड टाकू नका. वेटिंग रूम सुरू ठेवा आणि ओळखीचं नाव दिसल्याशिवाय आत घेऊ नका. ॲडमिनचा फोटो लावून 'तातडीने पैसे हवेत' असा निरोप नव्या नंबरवरून येऊ शकतो. अशा वेळी जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐकल्याशिवाय रुपयाही पाठवायचा नाही, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. व्हॉट्सॲपचा टू-स्टेप पिन प्रत्येकाकडून लावून घ्या. फोनवर पोलीस असल्याची बतावणी करून 'डिजिटल अरेस्ट' झाल्याची धमकी देतात, पण अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. तरीही कोणी फसलं तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर तक्रार करायची, आणि गटात त्याला 'असं कसं केलंत?' असं कोणीही विचारायचं नाही.

गैरहजेरी नुसती मोजणं, विचारपूस न करणं

सलग दोन गुरुवार कोणी आलं नाही तर तिसऱ्याच्या आधी फोन जायला हवा. निरोप नको, फोनच.

आमच्या एक मावशी अशाच यायच्या थांबल्या. तब्येत ठीक, नेट ठीक. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अगं, आता अक्षर दिसतच नाही. तुमचा वेळ कशाला घालवू?" वडील तलाठी होते त्यांचे. लहानपणी घरात जमिनीचे कागद बघितलेले. आम्ही त्यांना म्हटलं, तुम्ही वाचू नका, ऐका. आता आम्ही अडखळत अक्षरं जोडतो. 'जि, रा, ई...' इतक्यावर येऊन थांबलो की त्यांच्या काळ्या चौकोनातून आवाज येतो, "जिराईत. पुढे बागाईत असेल, बघा." आणि पुढे बागाईतच असतं.