परसातली कोंबडी ऑनलाइन शोमध्ये कशी उतरवावी

ऑनलाइन शो म्हणजे फोटो पाठवून भरणारी कोंबड्यांची स्पर्धा. तिथे परीक्षक कोंबडी हातात घेत नाही, पंख उलगडून बघत नाही. त्याच्यासमोर असतो फक्त तुमचा फोटो. म्हणून मी तर म्हणेन, निम्मी मेहनत कोंबडीवर घ्या आणि निम्मी फोटोवर.

आधी गट नीट निवडा. जात, नर की मादी, वय आणि मोठी की बँटम (म्हणजे लहान चणीची) यांवरून गट पडतात. वर्षाच्या आतली तलंग आणि वर्षावरची कोंबडी सहसा वेगवेगळ्या गटांत धरतात. तुमची कोंबडी मिश्र जातीची असेल तर तसंच स्पष्ट लिहा. घरगुती शोमध्ये बहुतेक वेळा तिच्यासाठीही जागा असते.

मग जातीची लक्षणं वाचून काढा. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने जातींची मानकं 1874 पासून छापली आहेत, आणि परीक्षकाच्या डोळ्यांसमोर अशीच मानकं असतात. सिल्कीला पायाला पाच बोटं हवीत, लेगहॉर्नच्या कानाची पाळी पांढरी हवी, वायनडॉटचा तुरा गुलाबतुरा म्हणजे चपटा, दाणेदार हवा. तुमच्या जातीची जी खूण आहे, ती फोटोत दिसलीच पाहिजे. सिल्कीचे पाय गवतात बुडाले तर पाच बोटं मोजणार कोण?

पिसं झडत असतील तर थांबा. नवी पिसं यायला साधारण दोन-तीन महिने लागतात, आणि त्या काळात कोंबडी कितीही गोड असली तरी विस्कटलेलीच दिसते. खुडूक बसलेलीला तर मुळीच उठवू नका.

अंघोळ फोटोच्या दोन-तीन दिवस आधी घाला, आदल्या दिवशी नको. धुतल्यावर कोंबडी चोचीने एकेक पीस ओढून पुन्हा जागेवर बसवते आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचं तेल त्यावर फिरवते. चकाकी तेव्हा येते. कोमट पाण्यात तिला खांद्यापर्यंत बसवा, पंख अंगाशी धरून ठेवा, सौम्य शाम्पू पिसांच्या दिशेनेच चोळा. डोकं बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. साबण राहिला तर पिसं चिकट दिसतात, तेव्हा दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. टॉवेलात गुंडाळून उबदार खोलीत पूर्ण कोरडी होईपर्यंत ठेवा. ओली कोंबडी गार हवेत सोडणं धोक्याचं आहे. आजारी कोंबडीला अंघोळही नको आणि शोही नको.

पायांचे खवले उचललेले दिसले तर ती पायाची खरूज असू शकते. त्यावर आधी उपचार करा. तुऱ्याला आणि पायांना किंचित व्हॅसलीन लावलं की कोरडेपणा जातो.

आता फोटो. माझी काळी कोंबडी काजळ पहिल्या फोटोत नुसता काळा गोळा दिसत होती. मी उभा राहून, भर दुपारी, वरून फोटो काढला होता. पुढच्या खेपेला सकाळच्या कोवळ्या उन्हात जमिनीवर पोटावर झोपलो आणि फोन तिच्या डोळ्याच्या उंचीवर धरला. तिने मान वळवली आणि मानेवरून पंखापर्यंत हिरवी झाक सरकत गेली. तीच कोंबडी, तेच अंगण!

फोन अगदी जवळ नेऊ नका, डोकं मोठं आणि अंग लहान येतं. थोडं मागे सरकून झूम करा. एका बाजूने चोचीपासून शेपटीपर्यंत आणि तुऱ्यापासून नखांपर्यंत सगळी कोंबडी चौकटीत बसली पाहिजे. मागे साधी भिंत किंवा एकरंगी चादर, पायाखाली फळी किंवा अगदी आखूड गवत. कुणाला तरी आवडता खाऊ थोडा उंच धरायला सांगा, मान आपोआप ताठ होते. वीस-तीस फोटो काढा, त्यांतला एखादाच जमतो.

फोटो कापून चौकटीत बसवायला सहसा हरकत नसते, पण रंग गडद करू नका, डाग पुसू नका. परीक्षक चुका सांगतात तेव्हा त्या टिपून ठेवा. पुढची पिल्लं काढताना कोणता कोंबडा ठेवायचा ते त्यावरूनच ठरतं. दुसऱ्यांच्या कोंबड्यांबद्दल लिहिताना नुसतं ‘छान’ म्हणू नका, शेपटीचा बाक आवडला की छातीची गोलाई, तेही लिहा.

एक लक्षात ठेवा: फोटो हाती येईपर्यंत तिला मातीत सोडू नका. सोडताक्षणी ती धूळस्नान करणार, आणि ते तिला करू द्यायलाच हवं.