पगारावर जास्त टॅक्स, गुंतवणुकीवर कमी: हे न्याय्य आहे का ते स्वतः कसं तपासायचं

पगारावर ३० टक्के आणि शेअर विकून झालेल्या नफ्यावर १२.५ टक्के, असे आकडे शेजारी शेजारी ठेवले की लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो हा सरळ अन्याय आहे, दुसरा म्हणतो सवलत नाही दिली तर पैसा लावणार कोण. पण नुसत्या दरावरून काहीच ठरत नाही. खाली जी पद्धत सांगतोय ती कुठल्याही देशाच्या टॅक्सला लावून बघता येते, कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरे. माझं मत आधीच सांगतो म्हणजे वाचताना कळेल मी कुठून बोलतोय: सवलतीमागची काही कारणं खरी आहेत, पण सरसकट कमी दर हा त्यावरचा इलाज नाही, आणि त्यातून जी तूट पडते ती शेवटी पगारदाराच्या खिशातून भरून निघते.

सगळ्यात आधी विचारा, सवलत नेमकी कुठल्या उत्पन्नाला आहे? "गुंतवणुकीचं उत्पन्न" हे एक गाठोडं आहे, त्यात व्याज, डिव्हिडंड (कंपनी शेअरवाल्यांना वाटते तो नफा), भाडं, विक्रीचा नफा सगळंच आलं, आणि बऱ्याच देशांत सवलत त्यातल्या एखाद-दोन प्रकारांनाच मिळते. भारतात एफडीचं व्याज स्लॅबप्रमाणे, डिव्हिडंडही २०२० पासून स्लॅबप्रमाणे, पण लिस्टेड (म्हणजे शेअर बाजारात नोंदलेले) शेअर वर्षाहून जास्त ठेवून विकले तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के (हा दर २३ जुलै २०२४ पासूनचा). अमेरिकेत वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरचा नफा आणि बहुतेक डिव्हिडंड यांना ०, १५ किंवा २० टक्के, बँकेच्या व्याजाला मात्र पगाराचाच दर, जो वर ३७ पर्यंत जातो. म्हणजे "बचतीला प्रोत्साहन" हे कारण कुणी दिलं की लगेच बघा, साध्या बचत करणाऱ्याला ते प्रोत्साहन मिळतंय का. बहुतेक वेळा नाही मिळत.

आता पगाराच्या बाजूला जे जे कापलं जातं ते सगळं धरा. हे लोक नेहमी विसरतात. अमेरिकेत इन्कम टॅक्सच्या आधीच पगारातून ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) यांसाठी जातात आणि तेवढेच मालक भरतो (सोशल सिक्युरिटीचा भाग ठराविक पगारापर्यंतच), ब्रिटनमध्ये नॅशनल इन्शुरन्स (सरकारी पेन्शन वगैरेंसाठीची कपात) पगारावर लागतो पण डिव्हिडंड आणि शेअरच्या नफ्यावर नाही. २०११ मध्ये अमेरिकेतले अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी जाहीर लिहिलं होतं की त्यांनी करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्के भरले आणि त्यांच्या ऑफिसमधल्या बाकीच्या वीस जणांचं प्रमाण सरासरी ३६ टक्के होतं, त्या हिशोबात हे पगारावरचे टॅक्स धरलेले होते, म्हणून फरक एवढा मोठा दिसला. इथे प्रामाणिक राहायचं तर हेही मोजा की त्या कपातीतून पुढे पेन्शन परत मिळते, त्यामुळे एकदा धरून आणि एकदा वगळून असे दोन्ही आकडे काढा, दोन्हीत फरक टिकला तर मुद्दा पक्का.

पुढचा मुद्दा महागाईचा, आणि खरी गंमत इथे आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. समजा १०० ला घेतलं, दहा वर्षांनी २०० ला विकलं. कागदावर नफा १००. पण वर्षाला ६ टक्के महागाई असेल तर आधीचे १०० आता १७९ च्या बरोबरीचे झाले, म्हणजे खरा नफा फक्त २१. १०० वर १२.५ टक्के टॅक्स म्हणजे १२.५ गेले, २१ पैकी! जवळपास ६० टक्के. हा माणूस "मला जास्त टॅक्स पडतो" म्हणाला तर तो खोटं बोलत नाहीये. आता दुसरा माणूस घ्या, त्याचे त्याच दहा वर्षांत १०० चे ५०० झाले. खरा नफा ३२१, टॅक्स ४०० वर १२.५ टक्के म्हणजे ५०, खऱ्या नफ्याच्या साधारण १६ टक्के. दर तोच, महागाई तीच, आणि ज्याला कमी मिळालं त्याच्यावर भार जवळजवळ चौपट. महागाईची भरपाई म्हणून सरसकट कमी दर दिला की असं होतं, ज्याला खरंच महागाईने खाल्लं त्याला पुरत नाही आणि ज्याने भरपूर कमावलं त्याला गरज नसताना मिळतं.

सरळ उपाय म्हणजे खरेदीची किंमत महागाईने वाढवून धरायची आणि उरलेल्या नफ्यावर पूर्ण दर लावायचा. हे करून झालेलं आहे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या बजेटमध्ये नायजेल लॉसन यांनी नफ्याला इन्कम टॅक्सचेच दर लावले आणि महागाईची वजावट चालू ठेवली, ते कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे अर्थमंत्री होते, डाव्या विचाराचे नव्हेत. पुढे २००८ मध्ये वैयक्तिक गुंतवणूकदारांसाठी ती वजावट पूर्ण गेली आणि सपाट १८ टक्के आले. भारतात २०२४ ला तसंच झालं, जमीन-घरासारख्या मालमत्तेवरचं इंडेक्सेशन (म्हणजे हीच महागाईची वजावट) काढलं आणि दर २० वरून १२.५ वर आणला (आधी घेतलेल्या जमीन-घराला पर्याय ठेवला). सोपं झालं हे मान्य, पण वरच्या दोन माणसांपैकी फायदा कुणाचा झाला ते तुम्ही आत्ताच मोजलंय.

आता उलट बाजू, जी सवलत कायद्याच्या दरपत्रकात दिसतच नाही. पगारावर टॅक्स महिन्याच्या महिन्याला कापला जातो, शेअरच्या नफ्यावर विकल्यावरच. १०० रक्कम वर्षाला १० टक्के वाढतेय आणि वीस वर्षं ठेवलीय असं धरा. दर वर्षी वाढीवर ३० टक्के टॅक्स घेतला तर शेवटी हातात ३८७. तोच ३० टक्के टॅक्स फक्त शेवटी विकताना घेतला तर हातात ५०१. म्हणजे नुसतं थांबता आलं म्हणून ३० टक्क्यांचा दर प्रत्यक्षात दर वर्षी १६ टक्के घेतल्यासारखा झाला, कुणी काही सवलत जाहीर न करता. त्यामुळे कुणी म्हणालं की महागाईमुळे कमी दर हवा, तर त्यातून हे वजा करा. थोडे दिवस ठेवलं तर महागाई जड पडते, खूप वर्षं ठेवलं आणि वाढ चांगली असली तर थांबण्याचा फायदा जड पडतो.

डबल टॅक्सचा युक्तिवाद, म्हणजे कंपनीने आधीच टॅक्स भरलाय म्हणून गुंतवणूकदाराला कमी दर हवा, तपासायला सोपा आहे. कंपनीने १०० कमावले, २५ कंपनी टॅक्स गेला, ७५ डिव्हिडंड दिला, त्यावर २० टक्के म्हणजे १५ गेले, हातात ६०. एकूण टॅक्स ४०. इथे पगारावर ४० असेल तर डिव्हिडंडचा २० हा दर सवलत वाटतच नाही, आणि मी तो मान्य करतो. पण हाच युक्तिवाद जमिनीच्या नफ्याला लावला तर कोसळतो, जमिनीवर कुठली कंपनी आधी टॅक्स भरून बसलीय? कंपनीने फारसा टॅक्सच भरला नसेल तरी कोसळतो. म्हणून विचारायचं एवढंच, पहिल्यांदा टॅक्स खरंच भरला गेला का, आणि किती.

जोखमीचं कारण, म्हणजे पैसा बुडू शकतो म्हणून दर कमी हवा, मला सगळ्यात कमकुवत वाटतं. नुकसान झालं तर बहुतेक ठिकाणी ते नफ्यातून वजा करता येतं, अमेरिकेत तर वर्षाला ३००० डॉलरपर्यंत इतर उत्पन्नातूनही आणि उरलेलं पुढच्या वर्षात नेता येतं. नोकरी गेली, पाच वर्षं शिकलेलं काम मशीन करायला लागलं, हे नुकसान कुठल्या रिटर्नमध्ये वजा होतं? जोखीम तिथेही आहेच की.

मग बघा की नफ्याच्या नावाखाली कुणाची मेहनत लपलीय का. फंड मॅनेजर दुसऱ्यांचे पैसे सांभाळतो, त्याबद्दल नफ्यातला हिस्सा घेतो, हे सरळ सरळ कामाचं मोल आहे, पण अमेरिकेत तीन वर्षांहून जास्त ठेवलेल्या गुंतवणुकीतला तो हिस्सा भांडवली नफा (विक्रीचा नफा, म्हणजे कमी दर) धरला जातो. स्वतःची कंपनी काढून पगार कमी आणि डिव्हिडंड जास्त घेणारे तर सगळीकडे असतात. दोन दरांत जेवढं अंतर जास्त तेवढी ही पळवाट फायद्याची. नॉर्वेने १९९२ ला भांडवलाला वेगळा सपाट दर दिला आणि हीच अडचण आली, मग २००६ पासून शेअरच्या उत्पन्नातला एक नेहमीचा, बिनजोखमीच्या व्याजाएवढा भाग मोकळा सोडून त्यावरच्यावर जादा टॅक्स अशी रचना केली. मला आजवर पाहिलेल्यात ही सगळ्यात न्याय्य वाटते, कारण बचत करून थांबणाऱ्याला शिक्षा नाही आणि त्याच्या वर जे मिळतं, मग ते नशिबाने असो, मक्तेदारीने असो की लपलेल्या पगाराने, ते सुटत नाही.

"दर वाढवला तर लोक विकणारच नाहीत, सरकारचंच नुकसान" हे ऐकलं की एका वर्षाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या १९८६ च्या कायद्याने पगार आणि नफा दोन्हींसाठी वरचा दर २८ टक्के केला, म्हणजे नफ्यावरचा दर वाढला, तर कायदा लागू होण्याआधी १९८६ मध्येच लोकांनी विकून घेतलं आणि त्या वर्षी दाखवलेला नफा आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाला. पुढच्या वर्षी साहजिकच तो खाली आला. एवढ्यावरून "बघा, लोक विकायचे थांबले" म्हणणं चुकीचं, चार-पाच वर्षांचा ताळेबंद मागा.

शेवटी कायद्यात हे शोधाच: शेअर किंवा जमिनीचा मालक न विकताच वारला तर त्या नफ्याचं काय होतं? भारतात वारसाने विकलं तर मूळ मालकाचीच खरेदी किंमत धरतात, म्हणजे टॅक्स पुढे ढकलला जातो पण पुसला जात नाही. अमेरिकेत वारसासाठी मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव हीच खरेदी किंमत होते, आणि तोपर्यंतच्या सगळ्या वाढीवर इन्कम टॅक्स कायमचा शून्य. अशी तरतूद सापडली तर वरचे सगळे हिशोब बाजूला ठेवून आधी तिच्याबद्दल बोला, दर २० असो की ४०, न विकता थांबू शकणाऱ्याला तो लागणारच नाहीये.