पॅकराफ्ट मऊ पडली म्हणजे पंक्चर नव्हे! नवीन राफ्ट घेतलीय तर या चुका टाळा

नवीन पॅकराफ्ट, म्हणजे घडी करून पाठीवर नेता येणारी हवेची हलकी बोट, घेतलेल्या माणसाचा पहिला फोन बहुतेक वेळा एकच असतो. "दादा, बोट लीक आहे, परत पाठवू काय?" जरा खोदून विचारलं की कळतं, गडी भर दुपारी गच्चीवर बोट फुगवून बसलेला, अगदी टणक झालेली, तशीच पिकअपमध्ये टाकून नदीला नेली, पाण्यात सोडली आणि दहा मिनिटात बाजूच्या ट्यूबवर अंगठा दाबला तर पिकल्या पपईगत खड्डा पडतोय. मग साबणाचं पाणी, मग यूट्यूब, मग विनाकारण पॅच. आणि बोटीला खरं तर काहीच झालेलं नसतं.

झालेलं असतं एवढंच की आतली हवा गार झाली. एप्रिलमध्ये आपल्याकडं कोल्हापुरात हवा 40 अंशाला टेकते, नदीचं पाणी समजा 25 अंश. एवढ्या फरकाने आतली हवा साधारण 5 टक्के आकसते. 5 टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, पण पॅकराफ्टमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचं प्रेशर असतं ते मुळात 1 ते 2 पीएसआय (दाबाचं माप, टायरची हवा मोजतात तेच), आणि हे 5 टक्के मोजायचे ते वातावरणाचा दाब धरून एकूण प्रेशरवर, म्हणजे पाऊण पीएसआयच्या आसपास कमी होतं, म्हणजे तुम्ही भरलेल्या जास्तीच्या प्रेशरपैकी जवळपास निम्मं सुद्धा जाऊ शकतं. ट्यूब मऊ लागणारच. उपाय फुकटातला आहे. काठावर फुगवायची, पाण्यात सोडायची, वरून पण ओंजळीने पाणी मारायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि मग टॉप-अप वॉल्व्हने, म्हणजे वरची हवा भरायच्या छोट्या नळीने, तोंडाने हवा भरून टणक करायची. हे दर वेळी करायचं, नवीन बोट असो की जुनी. हे न करता मऊ बोटीत बसलात की ती मधे वाकते, बूड पाण्यात खोल जातं, वल्हं मारून मारून खांदे जातात आणि बोट मात्र जागची हलत नाही, मग लोक म्हणतात पॅकराफ्ट स्लो असते.

याची उलटी बाजू जास्त धोक्याची. पाण्यावर टणक केलेली बोट जेवायला म्हणून काठावर ओढली आणि उन्हात तशीच ठेवली की आतली हवा तापून फुगते, गडद रंगाची असेल तर अजून लवकर, आणि ताण येतो तो शिवणीवर. जेवणाला थांबलात की वॉल्व्ह उघडून थोडी हवा सोडा, सावलीत ठेवा, निघताना परत भरा. पॅकराफ्ट आजच्या रूपात वाढली ती अलास्काच्या थंडीत, तिथल्या माणसाला ही चिंता कमी, म्हणून बऱ्याच सूचनांमध्ये उन्हाचा भाग दोन ओळीत उरकलेला असतो. आपल्याला तो दोन पानांचा पाहिजे.

टायरच्या दुकानात हवा भरू नका

हे लिहायला लागतंय याचं वाईट वाटतं पण लिहितोच. गाडीच्या टायरला 30 पीएसआय लागतं, तिथला कंप्रेसर त्या हिशोबाने असतो. पॅकराफ्टला लागतंय दोनच्या आतबाहेर. कंप्रेसरचा पाइप लावून "दोन सेकंद मार फक्त" म्हटलं तरी त्या दोन सेकंदात आतला वेल्ड, म्हणजे तापवून जोडलेली शिवण, सुटू शकतो, आणि भोक बुजवता येतं पण सुटलेली शिवण घरी नीट बसवणं फार अवघड. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा वॉल्व्हजवळ छापलेला असतो, तोच खरा. काही नवीन बोटींचा फ्लोअर, म्हणजे तळ, वेगळा आणि जास्त प्रेशरचा असतो, म्हणून मित्राच्या बोटीचा आकडा आपल्या बोटीला लावू नका.

बोटीबरोबर जी हलकी पिशवी येते, इन्फ्लेशन बॅग, तिच्याने दहा-पंधरा भरण्यात बोट उभी राहते, पण लोक ती पिशवी फुग्यासारखी तोंडाने फुंकायला जातात नाहीतर गच्च भरायच्या नादात अर्धी हवा बाहेर घालवतात. तोंड पूर्ण उघडं धरायचं, वाऱ्याकडं करायचं, वारा नसेल तर एकदा हवेत झपकन ओढायचं, लगेच तोंड पिळून बंद करायचं आणि छातीशी धरून हळू दाबायचं. पिशवी पाऊण भरली तरी चालते. नोझल वॉल्व्हमध्ये फिरवताना आटे सरळ बसलेत का ते बोटाने बघा, तिरके बसवून जोर लावला की प्लॅस्टिकचे आटे खराब होतात आणि मग तिथून कायमची हवा जाते. फुगवायला बसताना खाली काय आहे ते आधी हाताने चाचपून बघा. आपल्या नदीकाठाला बाभळीचे काटे असतात, तोडलेल्या उसाच्या शेतातनं बोट नेली तर बुडखे सुरीसारखे कापतात. एक जुनी ताडपत्री सोबत ठेवली तर हे सगळे प्रश्न मिटतात.

रात्रीत बोट बसली, आता शोधायचं कुठनं?

आता समजा बोट घरात, सावलीत, फुगवून ठेवली आणि सकाळी थोडी मऊ लागली. पहाटेचा गारवा धरला तर हे नॉर्मल आहे. पण पूर्ण सपाट झाली असेल तर कुठंतरी गळती आहे. सगळी बोट साबणाने माखून बघत बसू नका, क्रमाने जा.

आधी मेन वॉल्व्ह. बहुतेक वेळा चोर इथंच सापडतो. झाकण काढा, रबरी रिंग बघा, तिच्या कडेवर नखाने हळू फिरवा. वाळूचा एखादा कण अडकलेला असतो, कधी कधी इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही पण नखाला खरखर लागते. पंचगंगेचा गाळ वाळला की पिठासारखा होतो, तो पण रिंगेखाली बसतो. साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने पुसा, परत बसवा, आणि झाकण हाताला जेवढं जातं तेवढंच फिरवा, पक्कड लावू नका. मग साबणाचं पाणी लावून बघा. भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब पेलाभर पाण्यात पुरेत. बुडबुडा वाढत गेला तर गळती, नुसता फेस बसून राहिला तर काही नाही. त्यानंतर टॉप-अपची छोटी नळी, मग झिप असेल तर झिपची दोन टोकं, मग शिवणी, आणि सगळ्यात शेवटी ट्यूबचं कापड. भोक सापडलं की लगेच मार्करने गोल करा, पुसलं की परत शोधणं म्हणजे अर्धा तास गेला.

पंक्चरवाल्याकडं नेऊ नका, हे जास्त महत्त्वाचं

भोक सापडल्यावर माणूस आपसूक चौकातल्या पंक्चरच्या दुकानाकडं वळतो. तो कारागीर त्याच्या कामात पक्का असतो, पण त्याचं काम रबराचं आहे. तो कानसीने जागा घासणार, ट्यूबचं सोल्युशन लावणार, रबरी पॅच ठोकणार. पॅकराफ्टचं कापड म्हणजे नायलॉन, त्यावर टीपीयूचा, म्हणजे एका लवचिक प्लॅस्टिकचा, पातळ थर, आणि हवा धरतो तो हाच थर. कानसीने घासलात की तो थरच निघतो. रबर सोल्युशन टीपीयूला नीट धरत नाही, पॅच दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातून उचलतो आणि मागं राहतो चिकट थर, जो काढल्याशिवाय बरोबर पॅच पण बसत नाही. फेविक्विकचंही तेच, ते वाळून काचेसारखं कडक होतं, बोट घडी केली की तडकतं. एमसील पाण्याच्या टाकीला ठीक, बोटीला नको.

करायचं काय तर आधी आपली बोट कशाची आहे ते बघा. टीपीयू की पीव्हीसी, दोघांचा इलाज वेगळा. टेअर-एड म्हणून जो पारदर्शक चिकटपट्टीसारखा पॅच मिळतो त्यात ए टाइप टीपीयूला आणि बी टाइप पीव्हीसीला, उलटं लावलं तर फुकट जातं. स्वस्तातल्या बऱ्याच फुगवायच्या बोटी पीव्हीसीच्या असतात म्हणून पावती किंवा लेबल नीट वाचा.

हवा सगळी काढून बोट टेबलावर सपाट करा. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, स्वच्छ कापडावर घेऊन जागा पुसा, उडून जाऊ दे, परत पुसा. जेल सॅनिटायझर वापरू नका, त्यातला चिकट भाग कापडावर राहतो. पॅच भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर मोठा कापा आणि कोपरे गोल करा, टोकदार कोपरा पहिला उचलतो. मधून बाहेर दाबत लावा, हवेचा बुडबुडा आत राहू देऊ नका, मग चमच्याच्या पाठीने जोर देऊन घासा. नदीकाठी असाल तर एवढ्यावर घरी येता येतं. कायमचं करायचं असेल, किंवा भोक शिवणीजवळ असेल, तर अ‍ॅक्वासीलसारखा युरेथेन गोंद लागतो, आणि तो वाळायला पूर्ण रात्र द्यायचीच, शक्यतो 24 तास. रविवारी सकाळी लावून दुपारी पाण्यात उतरायचं मनात असेल तर लावूच नका.

ज्यांच्या बोटीला ट्यूबच्या आत सामान ठेवायची झिप आहे त्यांनी ती झिप बोटीचा सगळ्यात नाजूक भाग समजायचा. गाळ असताना ओढायची नाही. आधी पाणी मारा, मऊ टूथब्रशने दात साफ करा, मग बंद करा, आणि बंद करताना शेवटच्या टोकापर्यंत नेऊन घट्ट बसवा, कारण गळती बहुतेक त्या शेवटच्या अर्ध्या सेंटीमीटरमधूनच होते. टोकाला कंपनी सांगते ते ग्रीस लावा. गाडीचं ग्रीस नाही.

पाण्यावरची एक चूक, जिला पॅच नाही

इथं मी जरा थांबून सांगणार, कारण बोट दुरुस्त होते पण माणूस नाही. पंचगंगेवर शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आहेत, वर भोगावतीवर हळदी, राशिवडे, कोगे. अख्ख्या महाराष्ट्रात ज्याला केटी वेअर म्हणतात ते आपल्याच नावाचे, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. लांबून पाणी शांत दिसतं, वरच्या बाजूला तर अगदी तळ्यासारखं, म्हणून नवखा माणूस म्हणतो पलीकडं उडी बसेल. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याला उलटं फिरतं आणि जे काही सापडेल ते परत भिंतीकडं ओढतं, लाकूड, बोट, माणूस, सगळं. पॅकराफ्ट हलकी असल्यामुळे तिथं जास्तच अडकते. बरगे, म्हणजे पाणी अडवायला खांबांच्या मधे घालतात त्या फळ्या, काढलेले असतील तर पाणी खांबांच्या मधल्या गाळ्यातनं जोरात शिरतं, तिथं बोट आडवी गेली की खांबाला चिकटून गुंडाळली जाते. बंधारा दिसला की लांबूनच काठ धरायचा, बोट खांद्यावर घ्यायची, चालत पुढं जायचं. दोन-अडीच किलोपासून चार-पाच किलोपर्यंतची बोट घ्यायची ती याच्यासाठीच.

पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही. राधानगरी धरणाचे 7 दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी चढलं की आपोआप उघडतात, एका दरवाजातून 1428 क्युसेक, आणि ते पाणी भोगावतीतून खाली पंचगंगेत येतं. राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी 39 फूट आणि धोका 43 फूट, पण पॅकराफ्टवाल्याने 39 ची वाट बघायची नसते. पुरात गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून लोक पलीकडं गेलेत हे आपल्याकडं खरं आहे, ती नाइलाजाची गोष्ट होती, हौसेची करू नका.

लाइफ जॅकेट घाला आणि बकल लावा. वल्ह्याची दोरी कमरेला किंवा मनगटाला बांधू नका, मोकळी दोरी जाळ्यात, झाडात, जलपर्णीत अडकते आणि तुम्हाला खाली धरते. मासेमारीची जाळी दिसली तर लांबून वळसा घाला, बोटीसाठी पण आणि ज्याचं जाळं आहे त्याच्यासाठी पण. धरणाच्या जलाशयात उतरायच्या आधी जलसंपदा विभागाकडं विचारा, राधानगरीकडं तर अभयारण्य आहे, तिथं वनविभागाला विचारल्याशिवाय नाहीच.

घरी आल्यावरचा आळस

बोटी पाण्यावर जेवढ्या खराब होतात तेवढ्याच माळ्यावर होतात. ओली गुंडाळून, बॅगेत कोंबून, पत्र्याच्या खोलीत टाकली की पहिल्यांदा वास येतो, मग काळे ठिपके, आणि ओल आणि उष्णता सोबत राहिली की काही वर्षांनी कापडावरचा थर चिकट व्हायला लागतो, त्याला इलाज नाही. धुताना साधं पाणी, लागलंच तर सौम्य साबण, कपड्याचा कडक ब्रश नाही. अर्धवट फुगवून सावलीत उभी करा म्हणजे फ्लोअर आणि ट्यूबच्या मधल्या खाचेत साठलेलं पाणी निथळतं, लोक नेमकी ती खाच विसरतात. सीट काढून वेगळी वाळवा. तोंडाने भरलेल्या हवेतली वाफ आत राहते, म्हणून वॉल्व्ह उघडे ठेवून दिवसभर फॅनखाली ठेवली तर उत्तम. जून ते सप्टेंबर आपल्याकडं काहीच लवकर वाळत नाही, तेव्हा दोन दिवस धरा.

ठेवताना घट्ट घडी नको, सैल गुंडाळी करा, आणि दर वेळी त्याच जागी घडी पडू देऊ नका. गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने ठेवू नका. आणि उंदीर! बोटीच्या खिशात राहिलेली चिक्की किंवा फरसाणाची पुडी शोधत तो येतो आणि खिसा कुरतडताना ट्यूब पण कुरतडतो. सगळे खिसे उलटे करून झटका, शक्य असेल तर झाकणाच्या मोठ्या प्लॅस्टिक पेटीत ठेवा. पेटीतच पॅचची पाकिटं, गोंद, अल्कोहोलची छोटी बाटली आणि वॉल्व्हची एक जादा रिंग टाकून ठेवा, आणि गोंदाची ट्यूब एकदा उघडली की ती पेटीत वाळून जाते म्हणून सीझनच्या आधी दाबून बघा, कडक लागली तर नवीन मागवा.